गौराबाईंनी केलेलं वायरिंग

राजारामपुरीतलं नवं घर गिलाव्यापर्यंत आलं आणि नेमका वायरमन मोटरसायकलवरून पडून हात मोडून घेऊन बसला. शंकरप्पांना शाहूपुरीतली गुळाची अडत सोडून दुसरा वायरमन हुडकत फिरायला सवड नव्हती. ते रात्री जेवताना कुरकुरत होते, तेव्हा त्यांच्या पत्नी गौराबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "मी करते की."

शंकरप्पांना आधी हसू आलं. मग आठवलं. गौराबाईंचं माहेर संकेश्वरचं, वडलांची तिथं पिठाची गिरणी. लग्न होईपर्यंत त्या गिरणीतच वाढल्या होत्या. मोटरीचा फ्यूज बांधायचा, स्टार्टर उघडून साफ करायचा, हे त्यांना वडलांनी शिकवलं होतं. लग्नानंतर भाड्याच्या घरात इस्त्रीची वायर बदलण्यापलीकडं त्या विद्येला काम मिळालं नव्हतं, एवढंच.

अडचण एकच होती. लायसनवाल्या वायरमनच्या सहीशिवाय वीज बोर्ड घराला वीज जोडत नसे. शंकरप्पांचे तालमीतले जुने दोस्त गणपतराव लायसनवाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गौराबाईंना चार प्रश्न विचारले आणि कबूल झाले, पण अटीवर. काम त्यांच्या नजरेखाली होईल, शेवटी ते स्वतः तपासतील, आणि तपासताना ते कुणाचे दोस्त नसतील. शंकरप्पांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि ती अट तिथंच विसरून गेले.

गौराबाईंनी कामाला हात घातला. गणपतराव येताजाता बघून जात. गेरूत भिजवलेल्या दोरीनं भिंतींवर सरळ रेघा पाडल्या. त्या रेघांवर सागवानी पट्ट्या ठोकल्या, पट्ट्यांवर क्लिपा, क्लिपांत वायरी. पदर खोचून त्या शिडीवर चढल्या की गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहत. शंकरप्पांना सुरुवातीला त्याची लाज वाटे. मार्केटात कुणी विषय काढला की ते गुळाच्या भावाकडं वळत. पण दुकान बंद करून ते रोज नव्या घरावरून जायला लागले. कोपऱ्यावर वळताना वायरी कुठं एकमेकींवर चढलेल्या नव्हत्या, पीळ नव्हता. नांगरलेल्या सरीसारख्या शेजारी शेजारी गेल्या होत्या. कुणी बघत नाही असं पाहून ते त्यांवरून बोट फिरवत. आपण हिच्याबरोबर एवढी वर्षं राहिलो आणि ही आपल्याला ठाऊकच नव्हती, असं त्यांच्या मनात येई.

घरभरणी सोमवारची ठरली. निपाणीहून थोरली बहीण बसम्मा आणि तिच्या घरची माणसं येणार होती. गणपतरावांची सही झाली की लगेच वीज जोडायचं बोर्डाच्या माणसानं कबूल केलं होतं. शंकरप्पांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की दिव्यांच्या उजेडात जेवायचं.

सही करायला गणपतराव आदल्या आठवड्यातच यायचे, पण शेतावरच्या एका पंपानं त्यांना अडकवून ठेवलं. ते आले रविवारी सकाळी. हातात दांड्याची पेटी होती. दांडा फिरवला की काटा हलायचा आणि वायरीचं वेष्टण कुठं दुखावलंय का ते कळायचं. त्यांनी खोलीखोलीत तो दांडा फिरवला, जमिनीत पुरलेला अर्थिंगचा पाइप बघितला, प्रत्येक जोडाचं झाकण काढलं. चहा आला, गार झाला. दुपार कलायला लागली तसे शंकरप्पा आतबाहेर करू लागले.

स्वयंपाकघरात गणपतरावांनी सेलवरची घंटी काढली. एक टोक मेन बोर्डाच्या लाल, वीज आणणाऱ्या वायरीला, दुसरं दिव्याच्या होल्डरला. बटण बंद होतं, म्हणजे वाट तुटलेली हवी. घंटी वाजायला नको होती. ती खणखणीत वाजली.

गणपतरावांनी पुन्हा करून बघितलं आणि स्टुलावरून उतरले. बटण वीज आणणाऱ्या तारेऐवजी परतीच्या तारेवर बसलं होतं, एवढंच म्हणाले.

"दिवा लागंल न्हवं?" शंकरप्पांनी विचारलं.

"लागंल. बटण दाबलं की इझंल बी. पर इझल्यावरबी होल्डरात वीज ऱ्हाणार. वहिनी ओल्या हातानं बल्ब बदलायला चढल्या, म्हंजे?"

शंकरप्पांना ते पटलं, पण उद्याचे पाहुणेही दिसत होते. आज सही करून टाक, ती एक तार परवा बदलू, असं ते दोस्ताला समजावू लागले. गणपतरावांचा चेहरा कसनुसा झाला, तरी हात खिशातल्या पेनाकडं गेला. तेवढ्यात गौराबाई पुढं आल्या.

"सही करू नका, भावजी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी लाल वायर संपली व्हती. मी येणारी आन् परतीची, दोन्ही वायरी काळ्याच घातल्या, आन् तिथं चुकलं. न्हाणीघरातबी तीच वायर हाय."

गणपतरावांनी न्हाणीघर तपासलं. तिथलं बटण बरोबर होतं. गौराबाईंचं मात्र समाधान झालं नाही. दोन्ही वायरी काळ्या असल्या तर उद्या झाकण उघडणाऱ्याला कुठली कुठली ते कळणार नाही, म्हणून तिथलीही वायर काढायची असं त्यांनी ठरवलं. रविवारी वायरीचं दुकान बंद. लाल वायर सोमवारीच मिळणार होती, आणि सोमवारी तर घर पाहुण्यांनी भरलेलं असणार होतं.

मग सोमवारी घरभरणी झाली ती पेट्रोमॅक्सच्या बत्त्यांवर. बसम्मानं जेवायला बसताना मान वर करून बल्ब बघितले आणि बाईमाणसाला असल्या कामात घातल्यावर दुसरं काय व्हायचं, असं पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. गौराबाई वाढत होत्या. त्या पुढच्या ताटाकडं वळल्या.

शंकरप्पांनी ताटातला हात थांबवला. दिवे का नाहीत, या प्रश्नासाठी दिवसभर त्यांनी वायरमनच्या मोडक्या हाताची, बोर्डाच्या दिरंगाईची अशी दोन-तीन उत्तरं तयार ठेवली होती. त्यातलं एकही त्यांना आता उच्चारावंसं वाटेना.

"अक्का, दिवं आज लागलं असतं," ते म्हणाले. "गणपा माझं ऐकून सही करायच्या बेतात व्हता. हिनंच हात धरला. म्हणाली, चूक माझी हाय, सही करू नका. मला न्हाय जमलं असतं."

बसम्मानं भावजयीकडं वळून बघितलं आणि वाटी पुढं करून आणखी थोडी आमटी वाढ म्हणाली.

मंगळवारी पाहुणे गेले, त्याच दुपारी गौराबाई शिडीवर चढल्या. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, दोन्हीकडच्या क्लिपा उचकटल्या, काळी वायर ओढून काढली, लाल घातली. शंकरप्पांनी अडतीवर गुमास्त्याला बसवलं आणि स्वतः खाली शिडी धरून उभे राहिले. वरून मागितलेली पकड कुठली आणि पेचकस कुठला, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन गणपतरावांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं घर तपासलं. बदललेलं तेवढंच नव्हे. संध्याकाळच्या आत त्यांनी सही केली आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वहिनी, लई घरं बघितली," ते म्हणाले. "सही करा म्हणून लोक पाया पडत्यात. करू नका म्हणणारं माणूस तुमीच पयलं."

कबूल केल्याप्रमाणं सही झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बोर्डाच्या माणसानं खांबावरून तार आणून जोडली. गौराबाईंनी लगेच बटण दाबलं नाही. आधी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं, मग टेस्टर घेऊन एकेका होल्डरशी जाऊन आल्या. शंकरप्पा पुढच्या सोप्यात बसून राहिले. दिवा कधी लागतो याची घाई त्यांना उरली नव्हती. बायको एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना ते नुसते बघत होते.