फुकटचा ताप आणि सासूबाईंचे गुडघे

माझे सासरे केसरीनाथ मेथीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी दहा मिनिटं घासाघीस करतात. पण जुलैमध्ये त्यांना ताप आला आणि भिवंडीतल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर पहिला प्रश्न आला, "मेडिक्लेम आहे का?" तेव्हा ते छाती पुढे काढून म्हणाले, "हाय तर. तीन लाखांचा." आजार काय, हे त्यानंतर विचारलं गेलं.

मग काय, डिलक्स रूम. ताप दुसऱ्याच दिवशी उतरला, तरी मुक्काम पाच दिवस. डोक्याचा एमआरआय झाला, पोटात दुर्बीण घातली, हृदयाचे डॉक्टर येऊन दोन मिनिटं पायाशी उभे राहिले त्याचे वेगळे. हे सगळं कशाला, असं मी विचारलं तर माझा नवरा भाविक म्हणाला, "निशा, आपल्या खिशातून काय जातंय?" डॉक्टरही तेच म्हणाले, जरा गोड शब्दांत. सांगायला लाज वाटते, पण मीही एसीत सोफ्यावर आडवी झाले आणि पुढ्यात येईल त्या कागदावर सही करत गेले. बिल झालं दोन लाख ऐंशी हजार.

घरी आल्यावर सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "रुपया न्हाय लागला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ते तीन लाख वर्षभरासाठी घरातल्या सगळ्यांचे मिळून होते, आणि सासूबाई, पार्वतीबाई, त्याच पैशांवर डोळे लावून बसल्या होत्या. गुडघे बदलायचे तर आमच्या पॉलिसीत आधी तीन वर्षं थांबावं लागतं. ती यंदाच्या एप्रिलमध्ये संपली होती. मोरीपर्यंत जायलासुद्धा त्यांना आधार लागतो. गणपतीनंतर एका गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. आता पॉलिसीत उरले वीस हजार.

मी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे फोन लावला. मेडिक्लेम आहे म्हटल्यावर त्यांनी अडीच लाख सांगितले होते. "कॅश देणार असाल तर दीड लाखात करू," तिकडचा माणूस म्हणाला. तोच डॉक्टर, तोच गुडघा. वरचे लाख रुपये नुसते कार्ड दाखवल्याचे.

हे मी सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आपलं पैसं कशाला घालायचं? एप्रिलला पॉलिसी नवी व्हईल, मंग करू." भाविकनं मान डोलावली. तुमच्या तापाला एक दिवस थांबवलं नाही आणि आईंच्या गुडघ्यांनी एप्रिलपर्यंत थांबायचं, असं मी तोंडावर बोलले.

सासूबाई दारातून ऐकत होत्या. "राहनाळचा गोडाऊन कोनाच्या नावावर हाय?" त्यांनी विचारलं.

"तुज्या," सासरे म्हणाले. "पन तो टॅक्ससाठी..."

"मंग त्याचं भाडं पन माजंच. निशा, त्या डॉक्टरला कॅश सांग, आन तारीख याच म्हैन्याची घे."