खुंटीवरची टोपी

चौसाळ्याच्या पुढे, हमरस्त्याला लागून, युवराजने सीताफळाचा गर काढायचा कारखाना सुरू केला त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. डोंगरातल्या गावांतून फळ यायचं. बाया ते निवडायच्या, फोडायच्या, मशीन बी आणि गर वेगळा करायचं, आणि गोठवलेला गर आइस्क्रीमवाल्यांकडे जायचा. सीताफळ संपलं की पेरू आणि पेरू संपला की आंबा, म्हणजे काम बारमाही राहील, असं त्याच्या मनात होतं.

पुण्याच्या एका खरेदीदाराने माल घेण्याआधी कामगारांच्या रजेचे लेखी नियम मागितले. युवराजने काही वर्षं पुण्यात नोकरी केली होती. तिथले नियम समोर ठेवून त्याने स्वतःचे तयार केले. किरकोळ रजा, आजारपणाची रजा, भरपगारी रजा, सगळं त्यात आलं. शेवटी एक कडक कलम होतं. खोटी हजेरी लावणाऱ्याला कामावरून काढलं जाईल. जेवणाच्या वेळी त्याने हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. बायांनी भाकरी खाता खाता ऐकून घेतलं आणि कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतर एकानेही रजा मागितली नाही. युवराजला याचा अभिमान वाटू लागला.

"दादा, पुण्यात सोमवार आला की निम्मी माणसं आजारी पडायची," तो वडिलांना म्हणाला. "इथं बघा, एक जागा रिकामी नसती."

रामकिसन म्हणाले, "आपली माणसं हायत ती."

कारखान्यात शिरताना प्रत्येकाला डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे आणि अंगावर पांढरा अंगरखा घालावा लागे. टोप्या कापडी होत्या. प्रत्येकीवर नाव शिवलेलं होतं आणि दाराजवळच्या खुंट्यांवर त्या टांगलेल्या असत. टोपी घातली की माणसाचे फक्त डोळे दिसत. लांबून ओळखायचं ते टोपीवरच्या नावावरून.

गर काढायच्या मशीनवर सत्यशीला असे. त्या मशीनची चाळण किती आवळायची हे ठरलेलं होतं. सैल ठेवली तर गर वाया जाई आणि जास्त आवळली तर बी फुटून गर कडू होई. सत्यशीलाला ते जमलं होतं. म्हणून एका सकाळी गर कडू लागला तेव्हा युवराजला आश्चर्य वाटलं. तो मशीनजवळ गेला.

"ताई, चाळण कुणी आवळली?"

सत्यशीलाचं नाव असलेली टोपी खाली वाकली. त्याने मास्क काढायला सांगितला. मास्कखाली एका कोवळ्या मुलीचा चेहरा होता. तो त्याने आधी कधी पाहिला नव्हता.

"मी संस्कृती," ती म्हणाली. "वहिनीची नणंद. वहिनी बीडला दवाखान्यात हाय, पोरीला ताप आलाय. म्हनून मी आले."

तो सगळा गर मागच्या खड्ड्यात ओतावा लागला.

दुसऱ्या दिवशी सत्यशीला आली. पोरीचा ताप उतरला होता. तिला कालचं सगळं कळलं होतं. युवराजने तिला बाहेर झाडाखाली बोलावलं. मशीन बघणारा मिस्त्री दिलावरही तिथे होता.

"माझ्याकडं सुट्टी होती ना तुमच्या नावावर?" युवराज म्हणाला. "मग ही खोटी हजेरी कावून लावली?"

"खोटी कशी?" सत्यशीला म्हणाली. "मी खाडा केला न्हाई. माणूस दिलता."

युवराजला हा शब्द माहीत होता, पण पुण्याचे नियम लिहिताना तो त्याला आठवला नव्हता. ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा एक दिवस बुडाला की तो खाडा. मुकादम तो हिशेबात धरतो आणि पैसे कापतो. आपल्याऐवजी कुणाला उभं केलं तर खाडा लागत नाही, त्याला माणूस देणं म्हणतात. सत्यशीला लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात होती. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब असतो. एकट्या माणसाला मुकादम सहसा घेत नाही. या वर्षी तिला इथे काम मिळालं म्हणून दोघं गावातच थांबणार होती आणि पोरगी पहिल्यांदाच दसऱ्यानंतरही शाळेत राहणार होती.

"नियम वाचून दाखवला होता मी," युवराज म्हणाला. "आता मी काय करू?"

"काढून टाका," ती म्हणाली. "मुकादम परवाच घरी येऊन गेलाय. दसरा झाला की जाऊ. पोरीला संगं घेऊ, दुसरं काय." ती ओरडली नाही की रडली नाही. तिने हातातले मोजे घडी करून दगडावर ठेवले.

युवराजने सगळ्यांना बाहेर बोलावलं.

"खरं सांगा. आजवर कुणी कुणी माणूस दिला?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. सगळ्यात आधी हात वर केला जैनबबीने. ती फळ निवडायला बसे आणि वयाने सगळ्यांत मोठी होती. मग दुसरा हात आला, मग तिसरा. बघता बघता सगळेच हात वर झाले. शेवटी दिलावरने घसा साफ केला.

"साहेब, गेल्या बाजारच्या दिवशी मी नव्हतो. वासिफ होता. माझा भाऊ."

"तू पण? अरे, मी त्याच्याशी मशीनच्या पट्ट्याबद्दल बोललो!"

"त्यानं सांगितलं मला. लई चांगले बोलले म्हने साहेब."

बाया हसल्या. सत्यशीला हसली नाही.

"मग काय सगळ्यांनाच काढू?" युवराज म्हणाला.

"सगळ्यांत तुमी पन आले, बाबा," जैनबबी म्हणाली. "तुमी पुण्याला गेलते तवा खुर्चीत कोन बसलतं?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात रामकिसन उभे होते. युवराज बाहेरगावी गेला की ते त्याच्या खुर्चीत बसत, फोन उचलत आणि सगळ्याला "हो, हो" म्हणत. एकदा त्यांच्या "हो"मुळे बर्फाची गाडी दोनदा आली होती.

"खुर्ची मोकळी ठिवायची न्हाई, असं तूच म्हनला होतास," रामकिसन म्हणाले.

युवराज कपाळावर हात ठेवून हसला. मग तो सत्यशीलाकडे वळला.

"ताई, जाऊ नका. पण पुन्हा माणूस द्यायचा नाही. मशीनवर अजून एकीला शिकवा. तुम्ही सुट्टीवर गेल्या की ती चालवील."

सत्यशीलाचा चेहरा आता खरा उतरला. "म्हंजी माझं काम तिला शिकवायचं? ती शिकली की मी कशाला लागते तुमाला?"

"जागा तुमचीच राहील. तसं लिहून देतो."

"लिवलेलं तुमच्या कपाटात ऱ्हाईल," ती म्हणाली. "मला दिसंल असं काय तरी करा."

"काय करू, तुम्हीच सांगा."

तिने दाराजवळच्या खुंट्यांकडे पाहिलं. "काल संस्कृतीनं माझी टोपी घातली, म्हनून ती सत्यशीला झाली. मी नसले की माझी टोपी कुनाला देऊ नका. खुंटीवर ऱ्हाऊ द्या."

युवराजने नियम नव्याने लिहिले. पहिलं कलम असं होतं: 'रजेवर असलेल्याची टोपी खुंटीवर राहील. ती दुसऱ्या कुणीही घालायची नाही.' दुसरं कलम म्हणत होतं की रजेवरच्या माणसाच्या जागी माणूस उभा करणं हे कंपनीचं काम आहे, त्याच्या घरच्यांचं नाही. बदलीच्या माणसासाठी बिननावाच्या निळ्या टोप्या शिवून आणल्या. हे नियम वाचून पुण्याच्या खरेदीदाराने फोन केला आणि टोपीचं काय प्रकरण आहे ते विचारलं. युवराजने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, राहू द्या.

पण रजा मागायला कुणी पुढे येईना. शेवटी पोरीला तपासायला पुन्हा बीडला न्यायचं होतं तेव्हा सत्यशीलानेच मागितली. मागतानाही ती मोजे हातात घट्ट धरून उभी होती.

त्या दिवशी दुपारी बीडहून परत येणारी जीप कारखान्यासमोर थांबली. सत्यशीला पोरीला घेऊन उतरली. घरी जायला तिला दोन थांबे पुढे उतरायचं होतं. ती आत आली नाही. उघड्या दाराबाहेर उभी राहून तिने आत पाहिलं. मशीनवर निळी टोपी घातलेली बाई चाळण बघत होती. खुंट्यांची रांग मोकळी होती. एकाच खुंटीवर एक टोपी होती.

"माजं नाव कुटंय गं?" सत्यशीलाने विचारलं. पोरगी आता अक्षरं जुळवून वाचू लागली होती. तिने बोट दाखवून वाचलं.

आतून दिलावरने पाहिलं आणि ओरडला, "ओ वहिनी! सुट्टीच्या दिवशी कामावर? खाडा धरू का तुमचा?"

"धर की," सत्यशीला म्हणाली. मागची जीप येताना दिसली तशी ती पोरीचा हात धरून रस्त्याकडे वळली.