तारा उतरवल्या तेव्हा आत पिल्लं होती

मी एक पेटी आहे. कपड्यांची नव्हे, दागिन्यांची तर नव्हेच. माझ्यात अंडी उबवत. मला पंख नाहीत, पण खुडूक कोंबडीसारखी ऊब मी द्यायची. त्यासाठी मला एकच गोष्ट लागायची, वीज.

मिरजेत सतारींसाठी पेट्या करणाऱ्या एका सुतारानं मला घडवलं. माधवनगरच्या यल्लाप्पानं सायकलला बांधून मला घरी आणलं. गिरणीतलं काम सुटून तो तेव्हा सांगलीच्या हळद बाजारात हमालीला जायचा. त्यानं माझ्या पोटात बल्ब बसवले, तापमापक टांगला, पुढं काच लावली. पण मला खरी चालवली ती त्याच्या बायकोनं, जाईबाईनं. अंड्यांवर कोळशानं खुणा करून ती त्यांना हळूच फिरवायची. अंडं बल्बसमोर धरून आतल्या लाल शिरा बघताना तिचा श्वास थांबलेला असायचा.

गल्लीतल्या बायका आपली अंडी आणून देत. पिल्लं निघाली की अर्धी त्यांची, अर्धी जाईबाईची. माणसं एरवी भांडी मोजून देतात, पण या कामात कुणी कुणाला हिशेब विचारला नाही.

पंच्याण्णव सालच्या थंडीत धनगरवाड्यातली दगडाबाई पदरात अंडी घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते.

"जाई, माजी तलंग कोंबडी मुंगसानं नेली गं. तिची एवढीच हायती. सांभाळ."

"माज्या जिवापाड सांभाळते," जाईबाई म्हणाली.

ती अंडी मी इतरांसोबत पोटात घेतली. दिवस भरत आले. एके सकाळी आतून बारीक चिवचिव ऐकू आली. जाईबाईनं काचेला कान लावला आणि एकटीच हसली. एका अंड्याला चीर गेली होती.

आणि माझे बल्ब विझले.

वीज नेहमीच जाते, म्हणून तिनं आधी माझ्यावर गोधडी टाकली. बराच वेळ गेला तरी वीज येईना, तेव्हा ती दाराशी गेली. खांब दारासमोरच होता. वर माणूस चढलेला, खाली खड्डा खणलेला, आणि आमच्या तारा रस्त्यावर वेटोळं करून पडलेल्या.

"आवं भाऊ, कवा येणार लाईट?"

वरच्या माणसाचं नाव आकाराम. तो म्हणाला, "खांब बदलायचाय, बाई. उद्या दुपार व्हईल."

"उद्या? आन आदी सांगायचं न्हाई व्हय? चार दिस आदी कळलं असतं, तर मी काईतरी सोय लावली असती. आत पिल्लं हायती वो!"

"कुणाकुणाच्या दारात जाऊन सांगू? आमाला बी सकाळीच कळलंय."

"माज्या घरची तेवढी तार जोडा."

"समद्याच खाली आल्यात." त्यानं खालच्या तारांकडं बघितलं. "लय वाईट झालं. पर माज्या हातात न्हाई."

तिनं चूल पेटवली. तांबे भरभरून ऊन पाणी माझ्यात ठेवलं. पारा वर गेला, अति गेला. तिनं घाबरून झाकण उघडलं, तर खाली आला आणि खालीच राहिला. लाकडं संपली तशी तिनं न्हाणीचं फळकूट फोडलं. माझी लाकडी अंगं गार पडत होती. मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते. चिवचिव अजून चालू होती, पण मधेमधे थांबत होती.

तिन्हीसांजेला काम थांबवून आकाराम दाराशी आला. त्यानं आत बघितलं. डोक्याचा मफलर सोडून त्यानं पुढं केला. जाईबाईनं तो घेतला आणि माझ्यावर पसरला.

खबर ऐकून दगडाबाई धावत आली. दोघी चुलीपुढं गोधडीत बसल्या आणि अंडी पोटाशी घेतली. सगळी मावत नव्हती. जाईबाई दगडाबाईची अंडी आधी उचलू लागली, तशी दगडाबाईनं तिचा हात धरला.

"माजी र्‍हाऊ दे. ज्यातनं आवाज येतोय ती घे."

"पर तुज्या तलंगीची…"

"घे म्हंते न्हवं!"

दगडाबाईची अंडी माझ्यातच राहिली. मी त्यांना माझ्याकडची सगळी ऊब दिली. माझ्याकडं ती नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी बल्ब लागले. दोघींच्या अंगाशी धरलेल्या अंड्यांतली मोजकी पिल्लं निघाली, ओली, लडखडती. माझ्यातली अंडी जाईबाईनं एकेक कानाला लावली. हमालीवरून परतलेला यल्लाप्पा म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता." तिनं ऐकलं नाही. शेवटचं अंडं तिनं पुनःपुन्हा कानाला लावलं.

दगडाबाईनं दुसऱ्याचं पिल्लू घेतलं नाही. तिनं दोष दिला नाही, रागही धरला नाही. पण त्यानंतर तिनं अंडी आणली नाहीत. इतर बायकांनीही आणली नाहीत. जाईबाईनंही माझे बल्ब पुन्हा लावले नाहीत.

आता मी पडवीत आहे. माझी काच फुटली आहे, पोटात शेण्या भरलेल्या आहेत. मला उचलून नेणाऱ्याला मी जाईन, जळण म्हणून गेले तरी चालेल. फक्त जाण्याआधी एवढं सांगते: तुमची कामं करा, खांब बदला, खड्डे खणा. पण ज्या घराच्या तारा उतरवता, त्या घरात काय जीव धरून आहे, ते खांबावरून दिसत नाही. म्हणून चढण्याआधी एकदा दार वाजवा. आतून कुणीतरी ओ देईल.