कळसातलं पत्र

चर्चच्या मनोऱ्याची दुरुस्ती निघाली की आमच्या गावात कळसाचा तांब्याचा गोळा खाली उतरवतात. आतले जुने कागद काढून वाचतात, नवे ठेवतात आणि गोळा पुन्हा वर चढवतात. या खेपेस निघालेले कागद शहराच्या संग्रहालयात मांडले होते. त्यांत माझं एक पत्र असणार होतं. एकाहत्तर साली, मागच्या दुरुस्तीच्या वेळी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी लिहिलेलं.

ते दाखवायला मी ब्लाझेनाबाईंना घेऊन गेलो. मातेयका सरांची ही मुलगी. कशासाठी नेतोय ते सांगितलं नव्हतं. तोंडानं सांगता आलं असतं, तर पन्नास वर्षं थांबलो कशाला असतो?

फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून दारात आम्ही बुटांवरून नमद्याच्या सपाता चढवल्या. बाईंनी माझा हात धरला.

"चष्मा घरीच राहिला बघा, ग्रंथपाल. जन्मभर गावाला पुस्तकं दिलीत, आज मला पाट्या वाचून दाखवा."

पत्र त्या स्वतः वाचतील आणि मी लांब खिडकीपाशी उभा राहीन, असा माझा बेत होता.

सत्तर साली सरांना शाळेतून काढलं. अडुसष्टात देशात घुसलेल्या परक्या रणगाड्यांविरुद्ध ते चौकात बोलले होते, एवढंच कारण. कागदावर मात्र लिहिलं गेलं की सर पिऊन वर्गात येतात. खाली गावातल्या नऊ जणांच्या सह्या. तिसरी माझी. अख्ख्या गावात बिअरला न शिवणारा तो एकच माणूस. पुढे बिअरच्याच कारखान्यात भट्टीवर कोळसा ओढत राहिला आणि खोकून खोकून गेला.

हे सगळं मी लिहिलं, खाली नाव घातलं आणि वेंडेलीनकडे दिलं. वेंडा तांबट, माझा शाळेपासूनचा मित्र. गोळ्यात ठेवायची कागदांची नळी डाख लावून तोच बंद करणार होता. तेव्हापासून दर गुरुवारी पबमध्ये तो पहिला ग्लास मनोऱ्याच्या दिशेनं उचलायचा. "लोयझा, तुझं पत्र वर आहे." या एका वाक्यावर मी जगलो. भित्रा होतोच, पण गावाच्या डोक्यावर आपलं एक तरी खरं बोलणं आहे, असं वाटायचं.

काचेखाली चारच कागद होते. एक नगराध्यक्षांचा, एक पाद्र्यांचा, एक वर्तमानपत्राचं पान. चौथ्यावर वेंडाचं अक्षर. मी पुन्हा मोजले. पाटीवरही चारच लिहिले होते.

"वाचा ना," बाई म्हणाल्या.

मी वाचलं. "मी वेंडेलीन क्रोउपा, तांबट. हा गोळा मी बंद केला. हवा छान आहे. काल मला मुलगी झाली. नळीत जागा उरली होती म्हणून लिहिलं."

जागा उरली होती!

बाई हसल्या. "गोड आहे हो. हेच दाखवायचं होतं?"

वेंडा तिथेच होता, ठेवणीतला कोट घालून कौतुक करून घेत. मी त्याला खिडकीपाशी ओढलं.

"माझं पत्र कुठंय?"

"हळू बोल जरा. जाळलं. त्याच दिवशी, शेगडीत. डाख लावण्याआधी नगराध्यक्षानं नळी तपासली असती तर तू गेला असतास आणि मीही. घरात एक दिवसाचं पोर होतं, लोयझा."

"मग तेव्हाच सांगायचंस."

"सांगणार होतो. पण त्या गुरुवारी तुझा चेहरा असा काही फुलला होता, की... मग पुढचा गुरुवार आला."

"पन्नास वर्षं, वेंडा?"

"आता नव्या नवरीसारखा रुसू नकोस. फायदा तुझाच झाला. सह्या करणारे बाकीचे आठ गेले, तो कागद पुरात गेला. कुणाला कळणार नाही." त्यानं कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं. नव्या गोळ्यासाठी लोकांची पत्रं तिथे घेत होते. "एवढंच असेल तर पुन्हा लिही. उद्या वर जातंय. या वेळी मी हात लावत नाही, शप्पथ."

त्या माणसाबरोबर मी किती गुरुवार हसलो होतो!

टेबलाशी जाऊन बसलो. लिहायला वेळ लागला नाही, मजकूर पाठ होता. ब्लाझेनाबाई शेजारच्या खुर्चीत टेकल्या.

"बाबांबद्दल लिहा काहीतरी. तो सह्यांचा कागद शाळेनं त्यांना कधी दाखवलाच नाही. पण म्हणायचे, लायब्ररीतल्या पोरानं सही केली नसणार. पुस्तकाचं पान दुमडलेलं ज्याला सोसत नाही, तो कसली सही करतोय?"

पत्रपेटी हाताच्या अंतरावर होती. लांबून वेंडा मला हातानं 'टाक, टाक' असं खुणावत होता.

मी कागद बाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. "अहो, चष्मा नाही म्हटलं ना! तुम्हीच वाचा. आणि मोठ्यानं. नेहमीसारखं पुटपुटू नका."

कागद माझ्या हातात परत आला. आजूबाजूला माणसं होती.

"मातेयका सर पीत नसत," मी वाचू लागलो. "हे मला ठाऊक होतं. तरी तिसरी सही माझी आहे."

खिडकीपाशी वेंडाचा हात खाली आला. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचं लक्ष कागदाकडे होतं.

"थांबलात का?" त्या म्हणाल्या. "पुढं वाचा."