मखमली झाकणं

"शी! अजून निघतेच आहे घाण," बुरुलचा म्हणाली आणि मेंढीचं आतडं पुन्हा उलटं करून तिनं पाटाच्या पाण्यात धरलं.

पाणी डोंगरावरचं, नुकतं वितळलेलं. बोटं केव्हाच बधिर झाली होती, पण नाक काही बधिर होत नव्हतं. शेजारी पहिलीच्या वर्गाची शिक्षिका आसिपा बाह्या सरसावून दुसरं आतडं पिळत होती. शाळेत पाहुणे येणार म्हटलं की पुरुष शिक्षकांनी मेंढी कापायची आणि मग उंच टोप्या घालून फाटकात उभं राहायचं, बायकांनी आतडी धुवायची. ही वाटणी कारा-जार गावात कुणी कधी ठरवलेली नव्हती; ती होतीच.

"एजे, सारखं वर काय बघताय हो?" आसिपानं विचारलं. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं बुरुलचाला सगळी शाळा एजे म्हणायची, मुख्याध्यापकसुद्धा.

"खिडकी बघतेय. किती वाजले?"

"बारा होऊन गेले की."

"आणि दहाला येणार होते मेले!"

"वेळेवर आली तर त्यांना मोठी माणसं कोण म्हणेल?"

बुरुलचाला हसू आलं नाही. वरच्या मजल्यावरच्या खोलीत तिचे संगणक सकाळपासून चालू होते आणि एकेकावर जाड लाल मखमलीचं झाकण होतं, वरून नक्षी भरलेलं, खाली जमिनीपर्यंत झालर सोडलेलं. खोलीला कुलूप होतं. किल्ली मुख्याध्यापक एसेनकुलच्या खिशात होती, आणि एसेनकुल पाहुण्यांना आणायला तालुक्याच्या हद्दीवर गेला होता. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा वाडगा घेऊन हद्दीवर सामोरं गेलं नाही तर पाहुण्यांचा मान राहत नाही.

सकाळी तिनं त्याला सांगून पाहिलं होतं. एसेनकुल शाळेत शिकत होता तेव्हापासून ती इथल्या प्रयोगशाळेत होती, त्यामुळे चारचौघांत नसताना ती त्याला अरेतुरेच करायची.

"एसेनकुल, ही यंत्रं तापतात रे. मागं हवेची भोकं असतात, ती तुझ्या मखमलीनं बुजतात."

"अहो एजे, अर्ध्या तासाचा प्रश्न. नव्या नवरीचा पदर कसा मानाच्या माणसानं वर करायचा असतो, तसं पाहुणे एकेक झाकण उचलणार. खाली पडदा झळकायला हवा. फोटो बघा कसा येतो!"

"मग ते आले की चालू करू."

"तुमची ती म्हातारी यंत्रं जागी व्हायला किती वेळ घेतात ठाऊक आहे मला. पाहुण्यांना काय तिष्ठत ठेवायचं?" मग त्याची नजर कोपऱ्यातल्या यंत्राकडे गेली. त्याला बाजूचा पत्रा नव्हता, रंग जुन्या दातांसारखा पिवळा पडला होता आणि समोर औषधाच्या बाटलीचं झाकण चिकटवलेलं होतं. "हे कुठलं भूत? एक झाकण कमी पडलंय, याला टेबलाखाली घाला."

तर ते भूत टेबलाखाली गेलं होतं.

ही यंत्रं शहरातल्या बंद पडलेल्या खाणीच्या कचेरीतली. बुरुलचानं ती गवताच्या ट्रकवर टाकून आणली तेव्हा अख्खा गाव नाक दाबून हसला होता. आत उंदरांची घरटी होती. मुतानं पट्ट्या गंजलेल्या, एका पेटीत तर चपटा सुकलेला उंदीर पंख्याला चिकटून बसलेला. तिनं दात घासायचा ब्रश आणि स्पिरिट घेऊन सगळं खरवडलं, मेलेल्या टीव्ही संचांतले सुटे भाग काढून डाख दिले, तीन मढी उघडून एक जिवंत केलं. तेव्हाही किळस यायची, जेवताना आठवायचं. पण ती किळस निराळी होती. घाण काढली की खाली काहीतरी धडधाकट सापडायचं.

खोऱ्यात इंटरनेट लहर लागली तर यायचं, म्हणून तिनं धडे, शब्दकोश, नकाशे, सगळं यंत्रांतच भरून ठेवलं होतं. त्या पिवळ्या भुतावर तिचा विशेष जीव. त्याला तिनं एका फुटक्या मोबाइलचा कॅमेरा जोडला होता, त्यावर बाटलीचं झाकण आणि झाकणात भिंगाचा तुकडा. खाली कांद्याचा पापुद्रा ठेवला की पडद्यावर विटांच्या भिंतीसारखे कप्पे दिसायचे. तो मोबाइल दिला होता सातवीतल्या अक्मारलनं. तिच्या बापाच्या घोड्यानं त्यावर पाय ठेवला होता.

यंत्रं तयार झाली तेव्हा शरद ऋतू होता. तेव्हापासून अक्मारल रोज प्रयोगशाळेच्या दारात डोकवायची. "एजे, आज?" आणि बुरुलचा सांगायची, "उद्घाटन झालं की." उद्घाटन पाहुण्यांच्या सोयीनं पुढं पुढं जात राहिलं. हिवाळा गेला, खोली बंदच. घरोघरच्या पाहुण्यांच्या खोलीसारखं झालं होतं ते. छतापर्यंत रेशमी रजयांची चळत रचायची, आणि पोरांनी स्वयंपाकघरात एका विटक्या गोधडीत तिघंतिघं झोपायचं. आईच्या घरी बुरुलचा तशीच झोपली होती. तेव्हापासून तिला त्या रजया बघितल्या की मळमळायचं.

आज शाळेच्या वर्षाची शेवटची घंटा. परवापासून निम्मी मुलं मेंढरांबरोबर वरच्या कुरणांत जाणार होती आणि बुरुलचा निवृत्त होणार होती. तिच्यामागं यंत्राचा पंखा कुठल्या बाजूनं फिरतो हे ठाऊक असलेलं माणूस शाळेत उरणार नव्हतं. पोरांचे हात आज लागले तर लागले.

तिनं आतडं परातीत टाकलं आणि ओल्या हातांनीच शिपायाला गाठलं. शार्शे जिन्याखाली तंबाखू मळत बसला होता.

"शार्शे, दुसरी किल्ली?"

"एकच आहे, एजे."

"मग दार उचकट. वर सगळं जळतंय."

"दाराला लाल फीत बांधलीये. ती पाहुण्यांनी कापायची. मी उचकटली तर मलाच कापतील!"

बुरुलचानं मग जिन्याखालच्या विजेच्या मोठ्या खटक्यालाच हात घातला आणि तो खाली ओढला. अंगणातल्या कर्ण्यावर चाललेलं गाणं मधेच मेलं. उपमुख्याध्यापिका उंच टाचा खटखटवत धावत आली.

"कुणी केलं हे? गाड्या घाटात दिसायला लागल्यात!"

"वर यंत्रं तापलीत, बाई. थोडा वेळ बंद राहू द्या."

"आणि पाहुण्यांपुढं काळे पडदे दाखवायचे? काही वाटतं का तुम्हाला?" तिनं खटका वर केला आणि स्वतःच त्यापुढं उभी राहिली. वीज परतली की यंत्रं आपसूक सुरू व्हायची. "जा तुम्ही. हात धुवा आधी, वास मारताय."

गाड्या घाटात दिसल्या होत्या, पण पाहुण्यांना घाटातला देखावा आवडला होता. ते उतरून फोटो काढत राहिले. त्यात आणखी तासभर गेला.

फाटकापाशी अक्मारल उभी होती. पांढराशुभ्र एप्रन, केसांत पांढऱ्या फितींची दोन मोठी फुलं, हातात तांब्याची झारी, मनगटावर टॉवेल. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला वर्गातली हुशार मुलगी निवडायची पद्धत होती, आणि अक्मारल हुशार होती हे तिचं दुर्दैव. सकाळपासून तालीम म्हणून तिनं सगळ्या शिक्षकांच्या हातांवर पाणी घातलं होतं. वाऱ्यानं तिची ओली बोटं लाल झाली होती.

"एजे, पाहुणे गेल्यावर बसायचं ना आम्ही?"

"हो."

"नक्की?"

"सांगितलं ना हो म्हणून!" बुरुलचा खेकसली, आणि खेकसल्याचं तिला वाईट वाटलं.

शेवटी पाहुणे आले. राजधानीतल्या कुठल्याशा खात्याचे गुबगुबीत गृहस्थ, बरोबर दोन मदतनीस आणि एक फोटोवाला. अक्मारलनं पाणी घातलं, टॉवेल दिला. मुलांनी उन्हात उभं राहून गाणं म्हटलं. मग सगळी मोठी माणसं वर गेली आणि मुलं खालीच राहिली, कारण खोलीत जागा कमी होती.

फीत कापली. दार उघडलं आणि आतून केस जळल्यासारखा वास भपकन बाहेर आला. शेवटच्या रांगेत बुरुलचानं डोळे मिटून घेतले.

"वा!" पाहुणे म्हणाले. "रंगसुद्धा ताजा दिलाय वाटतं."

"आपल्यासाठीच, साहेब," एसेनकुल म्हणाला.

पाहुण्यांनी पहिलं झाकण उचललं. पडदा काळा. दुसरं उचललं. काळा. तिसऱ्याच्या मागून धुराची एक बारीक रेघ वर गेली आणि खिडकीकडे वळली. बुरुलचा रांगेतून पुढं सरकली. आता विचारतील. काय सांगायचं ते तिनं मनाशी जुळवलं. झाकणं कुणाची हे ती सगळ्यांदेखत सांगणार होती, मग होऊ दे काय व्हायचं ते.

कुणीच विचारलं नाही.

"जरा खुर्चीत बसता का साहेब?" फोटोवाला म्हणाला. "बोटं बटणांवर. हां. आणि पडद्याकडे बघा, काहीतरी वाचल्यासारखं."

साहेब बसले. त्यांनी काळ्या पडद्याकडे मोठ्या आस्थेनं बघितलं. पडद्यात त्यांचा चेहरा दिसत असावा, कारण त्यांनी कानावरचे केस सारखे केले. टाळ्या झाल्या. साहेब उठून म्हणाले की विज्ञानाचा प्रकाश आता या डोंगरांतही पोचला आहे. पुन्हा टाळ्या. गावच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं तळवे उघडून दुवा दिली, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, आणि मंडळी रश्शाच्या वासामागं जिना उतरली.

बुरुलचाला सकाळची परात आठवली. आतड्यांत निदान काय भरलंय ते उघड दिसत होतं.

एसेनकुल कुलूप घेऊन मागं थांबला होता.

"जळली सगळी," ती म्हणाली.

"हळू बोला, एजे. कळलंय मला."

"तुला कळलंय?"

"नाक आहे मला. पण त्यांना कळलं का? नाही ना. मग झालं तर." त्यानं रुमालानं कपाळ पुसलं. तोही थकलेला दिसत होता. "छत गळतंय शाळेचं. जिन्यात आत्ता कबूल केलंय त्यांनी छताचं. चांगलं तोंड दाखवल्याशिवाय कुणी काही देतं का?"

"आणि पोरं?"

"पोरं कुठं पळतायत? शरदात दुसरी समिती यायचीये. तोवर खोली झाकूनच ठेवू."

"मढी दाखवणार त्यांना?"

"झाकणं सुरेख आहेत हो," एसेनकुल म्हणाला, आणि तो थट्टा करत नव्हता. त्यानं किल्ली तिच्या हातात ठेवली. "ती नीट घालून कुलूप लावा. किल्ली माझ्याकडं आणून द्या. आणि हात धुवा, एजे, खरंच."

ती एकटी राहिली. तिनं एकेका पेटीवर हात ठेवला. चहाच्या किटलीसारख्या तापल्या होत्या. एकेक बटण दाबून पाहिलं, थांबून पुन्हा दाबलं. एकही जागी झाली नाही. दात घासायचा ब्रश, डाख, चष्म्याचा वाढलेला नंबर, मग शरद ते वसंत बघितलेली वाट. सगळं अर्ध्या दिवसात शिजलं होतं, खाली रस्सा शिजला तसं.

मग ती गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखालचं पिवळं भूत तिनं ओढून बाहेर काढलं. तार जोडली. बटण दाबलं. आत पंखा खरखरला, थांबला, आणि धाप लागलेल्या म्हाताऱ्यासारखा फिरायला लागला. झाकण कमी पडलं म्हणून वाचलं होतं लेकाचं. बुरुलचा तिथंच बसून मुसमुसून रडली, आणि हातांना वास येत होता म्हणून डोळे तिला दंडानं पुसावे लागले.

तिनं बटण बंद केलं, पहिल्या रांगेतलं सगळ्यात भरजरी झाकण ओढलं, त्यात ते यंत्र गुंडाळलं आणि जिना उतरली.

अंगणात जेवणं उरकत आली होती. लोक पिशव्या बांधत होते; मेजवानीतलं मांस, पिठाचे तळलेले गोळे, म्हणजे बोरसोक, घरी राहिलेल्यांसाठी न्यायचं ते केशिक. दुसऱ्याचं केशिक उघडून बघत नाहीत. शार्शे फाटकाशी उभा होता.

"एजे, हे काय एवढं?"

"माझं केशिक."

शार्शेनं त्या लाल गाठोड्याकडं बघितलं. कडेनं तार लोंबत होती. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, तार उचलून मखमलीत खोचली आणि म्हणाला, "सांडेल, नीट धरा."

किल्ली तिनं त्याच्याच हाती दिली. "एसेनकुलला दे. म्हणावं, आतलं सगळं नीट झाकलंय."

अक्मारल पाटाच्या कडेला झारी घासत होती. गाठोडं पाहून ती उठली नाही. वर काय झालं ते तोवर साऱ्या पोरांना कळलं होतं. मोठ्यांनी ओळखला नव्हता तो वास त्यांनी खालूनच ओळखला होता.

"झारी घे आणि चल," बुरुलचा म्हणाली.

"कुठं?"

"घरी. माझ्या."

घरी स्वयंपाकघरातल्या बुटक्या टेबलावर तिनं यंत्र ठेवलं, जुन्या टीव्हीला जोडलं. ताटलीत कांद्याचा पापुद्रा ठेवला. अक्मारल दारातच उभी होती, एप्रनवर शिंतोडे, एक फीत सुटलेली. बुरुलचानं आधी स्वतःचे हात साबणानं दोनदा धुतले, हुंगून पाहिले, आणि मग चुलीवरचं कोमट पाणी झारीत ओतलं.

"बस. वरच्या बाजूला बस, तिथं, गादीवर."

"तिथं पाहुणे बसतात, एजे."

"मग? बस म्हणते ना."

अक्मारल टेकल्यासारखी बसली. बुरुलचा तिच्यापुढं वाकली, खाली घमेलं सरकवलं.

"हात पुढं कर."

"तुम्ही नको... मी घालते तुमच्या हातावर."

"हात पुढं कर, पोरी."

अक्मारलनं दोन्ही लाल हात पुढं केले. बुरुलचानं पाणी घातलं, सावकाश, एकदा, दोनदा, तीनदा, जसं घालायचं असतं तसं. मग टॉवेल सापडेना म्हणून तिनं भरजरी मखमल पुढं केली. अक्मारलनं हात पुसून पाहिले. मखमलीनं पाणी काही टिपलं नाही, नुसतं इकडचं तिकडं केलं.

"कशालाच उपयोगाची नाही मेली," बुरुलचा म्हणाली आणि तिनं ती चुलीपाशी भिरकावली.

अक्मारलनं हात एप्रनला पुसले, उलटे सुलटे, नीट कोरडे होईपर्यंत. मग तिनं बटण दाबलं.