नाकावरचं कुंकू

मी एक जुना इंधनघट आहे. नवरात्रात बसवतात तो घट नव्हे. मी मोबाइलला वीज पुरवण्यासाठी बनवलेला, काड्यापेटीहून जरासा मोठा आणि चपटा. रीत म्हणून तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणतो, मनातून म्हणत नाही. माणसांनी माझं जे केलं ते ऐकलंत, तर माझ्या तोंडून एवढंही निघतंय याचं तुम्हाला नवल वाटेल.

माझं खाणंपिणं साधं होतं. एका बाजूने पाण्यात कालवलेलं मिथेनॉल घालायचं. दुसऱ्या बाजूला छत्तीस बारीक भोकं, त्यांतून मी हवा घ्यायचो. मध्ये एक पातळ पडदा. इंधन आणि हवा मिळाली की वीज सुरू. ती भोकं म्हणजे माझं नाक. एवढं ध्यानात ठेवा, कारण ज्यांनी ठेवायचं त्यांनी ठेवलं नाही.

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इरावती मॅडम शिकवायच्या. त्यांनी तीन वर्षं खपून मला घडवलं. माझ्या पत्र्यांना भोकं पाडली उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपने. पडद्यावर लावायची प्लॅटिनमची भुकटी सदर बाजारातल्या सराफाच्या काट्यावर तोलली. काळी भुकटी पाहून सराफ हसला, “दीदी, ये प्लॅटिनम है? ये तो काजल है!” माझ्या जन्माचं स्वागत हे असं झालं.

प्रयोगशाळेत मदतनीस होते श्यामराव. मूळचे अकोल्याकडचे, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. कॉलेजातली त्यांची नोकरी वर्षावर्षाची, आणि त्या जागी विभागप्रमुख नरहरी सरांना आपला माणूस आणायचा होता. सरांना माझी खोलीही हवी होती, संगणक मांडायला. येता-जाता ते दारातून विचारायचे, “मॅडम, हे खेळणं अजून काहून पाळून राहिल्या?” मला त्यांचा संताप यायचा.

शेवटी ठरलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेरून समिती येणार. तिच्यासमोर माझ्यावर एक तास मोबाइल चालला, तर खोली आणि काम मॅडमकडे राहणार. नाही चालला, तर दोन्ही जाणार. मला काळजी नव्हती. आदल्याच आठवड्यात मी सव्वा तास मोबाइल चालवला होता. मॅडमनी मला तळहातावर घेऊन “शाब्बास” म्हटलं होतं. माझ्या उभ्या आयुष्यातलं कौतुक तेवढंच.

मग आली खंडेनवमी. मॅडम घरी गेल्यावर श्यामराव ताट घेऊन आले. लेथ, तराजू, पाने, पेचकस, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मग माझ्यापाशी थांबले.

“तू बी मशीनच हायेस ना बापा. सगळ्याइले लावलं, तुलेच काहून सोडू? परवा मॅडमची लाज राखजो.”

असं म्हणून त्यांनी ओलं कुंकू थेट माझ्या नाकावर थापलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. भीक नको पण कुत्रा आवर, असं मला झालं. दोन दिवस मी तसाच घुसमटत पडलो. समितीच्या दिवशी सकाळी, मी नीटनेटका दिसावा म्हणून त्यांनी मला अंगठ्याने चोळून पुसलं. वरचं कुंकू गेलं, उरलेलं भोकांत ठासलं गेलं.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं नाक दाबलं आणि तोंड कायमचं मिटलं. चार मिनिटांत मोबाइल बंद पडला. नरहरी सर घड्याळ बघून हसले. श्यामराव समितीला चहा देत होते.

मॅडमनी मला खिडकीशी नेलं, उलटं केलं. भोकांतला लाल रंग त्यांनी पाहिला. त्यांनी एकदा श्यामरावांकडे पाहिलं, आणि मला मुठीत झाकलं.

“कुठं घोडं अडलं, मॅडम?” सरांनी विचारलं.

“माझंच चुकलं. मिथेनॉल जास्त झालं.”

धडधडीत खोटं! माझ्या पोटात मिथेनॉल थेंबाथेंबाने मोजलेलं होतं. ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण खोली गेली, काम गेलं. नंतर मॅडमनी टाचणीने भोकं मोकळी केली, पण कुंकवातल्या चुन्याने पडदा नासला होता. समता कॉलोनीतल्या त्यांच्या घरी मी टेबलाच्या खणात पडलो. वर्षभर त्या अंधारात मी श्यामरावांना शिव्या घातल्या. त्यांची नोकरी मात्र टिकली.

पुढल्या खंडेनवमीला ते ताट घेऊन घरी आले. “मॅडम, आपला तो गडी कुठी हाय?” त्यांनी मला खणातून काढलं, चष्मा सावरून उजेडात धरलं. कडेच्या दोन भोकांत टाचणी पोचली नव्हती, तिथे लाल रंग तसाच होता. कुंकवाचं बोट वाटेतच थांबलं.

“मले काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही पूजा सोडली असती, श्यामराव.”

“अन् तुमचं काम गेलं त्याचं?”

श्यामरावांनी बोट धोतराला पुसलं. मला टेबलावर ठेवलं, भोकं वर करून. झेंडूचं फूल ठेवलं ते माझ्यापासून वीतभर लांब. मग माझ्यासमोर हात जोडून ते रडले.

मित्रांनो, वस्तूवर माया करायची तर खुशाल करा. पण आधी विचारा की तिचं नाक कुठे आहे. मला कोणी विचारलं नाही. ज्याने विचारायला हवं होतं तो म्हातारा आता दर खंडेनवमीला येतो, फूल वीतभर लांब ठेवतो आणि आधी माझ्या भोकांवर हळूच फुंकर मारतो. मी मेलेला आहे, हे त्याला ठाऊक आहे. तरी मारतो. त्याला मी माफ केलेलं नाही. पण आताशा खंडेनवमी जवळ आली, की मी वाट बघतो.