बाळंतिणीच्या खोलीत विस्तव

आमच्या घरातली भट्टी माझी होती, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे घोळ नको. घर दोघांचं, मुलगी दोघांची, पण तळघरातली लाकडाची भट्टी माझी. चारुदत्त, म्हणजे माझा नवरा, कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि काडी पेटवताना डोळे मिटून घ्यायचा. अशा माणसाच्या हाती विस्तव कोण देईल?

व्हरमाँटमधलं लहानसं गाव, ब्याऐंशी सालचा हिवाळा. तेल महागलं म्हणून गावात जो तो लाकडाकडे वळला होता, तसे आम्हीही वळलो. भट्टी बसवायला माणूस आला तेव्हा मी त्याच्या मागेमागे फिरून त्याला भंडावून सोडलं. धुराड्याचा पाइप भिंतीतून जातो तिथे किती जागा सोडायची, भट्टीच्या आसपास काय ठेवायचं नाही, हवेची झडप किती उघडी ठेवायची. फायर डिपार्टमेंटचा माणूस सगळं तपासून गेला, मगच मी पहिली काडी ओढली. खाली लाकूड जळायचं आणि गरम हवा पत्र्याच्या नळांतून वर येऊन जमिनीतल्या जाळ्यांमधून खोल्यांत शिरायची. लाकूड घालायचं ते चांगलं वर्षभर वाळलेलंच. ओलं घातलं, किंवा लाकूड वाचवायला झडप पार बंद केली, की धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते आणि एक दिवस धुराडंच पेट घेतं. पाइप मी दर महिन्याला ब्रशने घासायची. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरायची आणि डबा घरापासून लांब, बर्फात ठेवायची. दिसायला थंडगार राख, पण पोटात निखारा दिवसचे दिवस जिवंत असतो.

माझं पोट पुढे आलं तशी मी चारुदत्तला हे सगळं शिकवलं. नाकी नऊ आले माझ्या. पण शिकला बिचारा.

जानेवारीत मुलगी झाली आणि बाळंतपणाला सांगलीहून आई आली. साडीवर जावयाचा स्वेटर, पायात जावयाचेच मोजे, आणि बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशेपा, वावडिंग, ओवा. कस्टमवाल्याने ओवा हुंगून बघितला म्हणे. ‘त्याला म्हटलं, घे की थोडा, पोटाला बरा असतो!’ घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने पहिला हुकूम सोडला. ‘सुलेखा, जिन्यावर पाय ठेवायचा नाही. गार वारा लागू द्यायचा नाही. केस ओले ठेवायचे नाहीत. भट्टी मी बघते.’

‘तू? भट्टी?’

‘अगं, जन्म गेला माझा चुलीपुढे! तुझा जन्मसुद्धा चुलीपुढेच झाला म्हण ना.’

तिसऱ्याच दिवशी वर कापड भाजल्याचा वास आला. हुकूम गेला खड्ड्यात, मी भिंतीला धरत धरत खाली उतरले. बघते तर काय, आईने भट्टीच्या वर दोरी बांधून लंगोटांची रांग लावलेली! एक लंगोट खाली लोंबत पाइपला टेकून तपकिरी झाला होता. मी अशी ओरडले की वर बाळ दचकून उठलं.

‘एवढं काय झालं?’ आई म्हणाली. ‘कसे कडकडीत वाळलेत बघ.’

‘आई, घर पेटलं असतं!’

‘पेटलं नाही ना? मग!’

दोरी मी तोडून टाकली आणि दोघीही संध्याकाळपर्यंत गाल फुगवून बसलो. चारुदत्त आपला मधे. ‘आई, तुमचंही बरोबर आहे, सुलेखाचंही बरोबर आहे.’ मला हा माणूस अशा वेळी अगदी नकोसा होतो.

पण खरं भांडण शेगडीचं. आईचं म्हणणं, बाळंतिणीच्या खोलीत विस्तव हवाच. पलंगाखाली शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी, बाळंतिणीच्या कमरेला शेक, बाळाच्या अंगाला शेक. तिने माझा भाऊ, मी, माझ्या दोन्ही मावशांची मुलं अशी शेकली होती आणि सगळी ठणठणीत होती. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, का नको? मी म्हटलं, इथे चालत नाही. ती म्हणाली, ‘इथे बायका बाळंत होत नाहीत का?’

मी थकलेली, झोप नाही, टाके दुखतायत. खरं कारण मी तिला समजावत बसले नाही. आपल्या सांगलीच्या खोलीला वर कौलं होती, दाराखाली फट होती, खिडकी धड लागत नव्हती. इथे आम्ही थंडीसाठी खिडक्यांना प्लॅस्टिक चिकटवून घराचा डबा करून टाकला होता. निखाऱ्यांचा जो वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याला जायला वाट नाही. भट्टीत तो धुराड्यातून वर जातो. खोलीत तो आपल्यातच राहतो.

एके सकाळी चारुदत्त कॉलेजला गेला. आईने मला तेल चोळून दिलं, इतकं छान की मी सगळी भांडणं विसरले, आणि कढत पाण्याच्या टबमध्ये बसवलं. ‘सावकाश ये, बाळाकडे मी आहे.’ मी डोळे मिटून पडून राहिले. किती दिवसांनी अंगातली हाडं सैल झाली होती.

बाहेर आले तेव्हा केस ओले होते, अंगात गाऊन. खोलीचं दार बंद होतं आणि खालच्या फटीला टॉवेल गुंडाळून लावलेला, वारा येऊ नये म्हणून. दार उघडलं तर ओव्याचा वास. खरं सांगते, क्षणभर मला इतकं बरं वाटलं! लहानपणी भाऊ झाला तेव्हाचा तो वास.

मग मला ते दिसलं. राख काढायचं माझं पत्र्याचं घमेलं पलंगाखाली होतं आणि त्यात भट्टीतले लालबुंद निखारे. आई पलंगाच्या कडेला बसलेली, बाळ मांडीवर.

‘आलीस? बघ कशी सुखावलीय,’ आई म्हणाली. शब्द जड येत होते. ‘माझं मेलं डोकं मात्र ठणकतंय. चहा टाक गं.’

डोकं ठणकतंय. भट्टी बसवणाऱ्या माणसाने मला बजावलं होतं, घरात विस्तव असताना कुणाचं डोकं दुखलं तर गोळी शोधायची नाही, दार शोधायचं. मी बाळाला उचललं. मान लुळी. गाल गुलाबी, छान गुलाबी, पण हाक मारली तरी डोळा उघडेना.

‘आई, ऊठ! बाहेर चल!’

‘अगं, ओले केस—’

‘ऊठ म्हणते ना!’ मी एका हाताने तिच्या दंडाला धरून ओढलं. तिचे पाय लटपटत होते. आम्ही दाराला धडकलो, भिंतीला धडकलो आणि मागच्या दारातून सरळ बर्फात. अनवाणी, ओल्या केसांनी, बाळंतीण मी. आई पायरीवरच खाली बसली आणि ओकली.

बाळाचं दुपटं मी सोडलं. गार वारा तिच्या तोंडावर येऊ दिला, तळपायावर टिचक्या मारल्या. ‘रड गं, रड ना माझे बाई, रड!’ असं मी किंचाळत होते. शेजारची रूथ ते ऐकून अंगणातून धावत आली. आधी बाळाचा ओठ थरथरला. मग एक लहानसा, मांजरीच्या पिलासारखा आवाज. आणि मग तिने जो काय गळा काढला! असं सुख मला आयुष्यात पुन्हा मिळालेलं नाही.

रूथने अँब्युलन्स बोलावली; घमेलं फायर डिपार्टमेंटच्या माणसांनी बाहेर काढलं. हॉस्पिटलमध्ये बाळाला, आईला, मला, तिघींना ऑक्सिजन लावला. थोडा वेळ अजून गेला असता तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांनी तिघीही घरी आलो, धडधाकट.

आई मात्र गप्प. बाळाला मांडीवर घेईना. ‘तूच घे,’ म्हणायची. तळघराच्या दारावरून जाताना अंग चोरून जायची. चौथ्या दिवशी बघते तर बॅगेत साड्या भरतेय.

‘हे काय?’

‘जाते मी. चारुदत्तांना तिकीट बघायला सांग.’

माझं डोकं फिरलं. ‘वा! आता पळून चाललीस? मी टाके सांभाळू, पोर सांभाळू, की लाकडं फोडू? आणि या घरात तुला विस्तवाची भीती वाटत राहिली तर मी तुझ्या भरवशावर पोर कशी ठेवू? खाली चल. आत्ता.’

‘जिन्यावर—’

‘चल!’

तळघरात मी तिला उलट्या बादलीवर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. झडप, धुराडं, काजळी, वायू कुठून निघतो आणि कुठून जातो. आधीच सांगायला हवं होतं, हे मला सांगता सांगताच कळत होतं, आणि माझ्या आवाजातला तोरा उतरत गेला. आई एकेक गोष्ट दोनदा विचारत होती. शेवटी म्हणाली, ‘म्हणजे ही चूल आपला वाईट श्वास त्या नळातून बाहेर सोडते. मी तो उचलून पोरीच्या पलंगाखाली ठेवला.’ आणि रडली. मीही रडले. दोघींनी भरपूर रडून घेतलं आणि मग लाकूड घातलं.

आई राहिली. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायला लागली. बाळाला मांडीवर घेऊन जमिनीतल्या जाळीशेजारी बसायची, गरम हवेत. भट्टीचं म्हणाल तर ती माझ्यापेक्षा कडक झाली. चारुदत्तने एकदा राखेचा डबा ओसरीवर ठेवला, तर जावईबापूंचा असा उद्धार झाला की तो डबा घेऊन थेट कुंपणापर्यंत गेला.

मार्चमध्ये एका दुपारी दीपाचा फोन आला. ती माझ्या ओळखीची, बफेलोला राहायची; नवरा तिथे पीएच.डी. करत होता. तिलाही नुकताच मुलगा झाला होता. सासूबाई पुण्याहून आलेल्या, आणि त्यांनी दीपाच्या नवऱ्याकडून अंगणातली बार्बेक्यूची शेगडी पेटवून बाळाच्या खोलीत आणवली होती. ‘सुलेखा, मी नको म्हणतेय तर त्या ऐकतच नाहीत यार. म्हणतात, तुम्हाला आजकाल सगळंच नको.’

फोनमधलं सगळं शेजारी उभ्या आईला ऐकू येत होतं; मी काही बोलायच्या आत तिने माझ्या हातातून फोन घेतला.

‘सासूबाईंना दे गं फोन,’ ती म्हणाली. ‘नमस्कार. मी सुलेखाची आई, सांगलीची. तुमच्यासारखीच बाळंतपणाला आलेय, लेकीच्या.’ माझ्या आईने आयुष्यात कुणापुढे चूक कबूल केलेली मला माहीत नाही, वडिलांपुढेसुद्धा नाही. ‘मीही विस्तव ठेवला होता. दार बंद केलं होतं. नात माझ्याच मांडीवर होती. ती निपचित झाली आणि मला वाटलं, शेकाने सुखावली. सुखावली नव्हती हो. मरत होती. माझ्या मांडीवर मरत होती आणि मी तिला थोपटत होते.’

आईने रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला.

‘नाही, तुम्हाला बोल लावत नाही मी. आधी बाळाला बाहेर न्या. तुमच्या मुलाला ती शेगडी अंगणात टाकू द्या, खिडक्या उघडू द्या. जा, मी फोन धरते.’

तिने फोन धरला. लांबचा फोन, मिनिटं पळत होती, पण मी चकार शब्द काढला नाही. आई उभी होती, डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

‘आलात?’ ती म्हणाली. ‘झालं सगळं? बरं. बाळ काय करतंय? रडतंय?’ तिने रिसिव्हर कानाशी घट्ट दाबला. ‘त्याच्या तोंडाजवळ धरा जरा. मला ऐकू द्या.’